शाळेत दिवसा चड्डी ओली होते: शेवटी काय लागू पडलं

लक्षण: सात वर्षांची मुलगी, रात्री कोरडी, पण शाळेतून येताना चड्डी ओलसर. खेळता खेळता टाचेवर दाबून बसायची, मग एकदम पळायची.

पाणी कमी केलं, तर लघवी गडद होऊन जळजळ सुरू झाली. सारखं "शू आली का?" विचारलं, उत्तर ठरलेलं: "नाही." जीव मेटाकुटीला आला होता.

मूळ बद्धकोष्ठात होतं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. डॉक्टरांनी लघवी तपासली, शौच मऊ करणारं औषध दिलं. रोज पोट साफ व्हायला लागल्यावरच पुढचं जमलं.

मग पाणी पूर्ववत केलं, दिवसभरात विभागून साधारण 1 लिटर. त्यानंतर वेळा बांधल्या: शू आलेली असो वा नसो, दर 2 तासांनी. शाळेत प्रार्थनेआधी, दोन्ही सुट्ट्यांत आणि सुटताना.

बसण्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची. चड्डी घोट्यापर्यंत खाली, गुडघे लांब, कमोडवर पाय पाटावर टेकलेले. मुलींचे गुडघे मिटलेले असले की थोडी लघवी योनीत साचते आणि उठल्यावर ठिबकते. झाल्यावर 20 आकडे मोजून पुन्हा एकदा.

दप्तरात कंपासपेटीएवढ्या अपारदर्शक पाऊचमध्ये चड्डी, रुमाल, रिकामी पिशवी. बाईंशी खूण ठरवली: लाल खोडरबर बाकाच्या कोपऱ्यावर ठेवलं की न विचारता जायचं.

ताप, सतत ठिबकणं किंवा अचानक वाढलेली तहान दिसली, तर आधी डॉक्टर.