ऑक्टोबर हीट: दुपारी घर बंद, रात्री सताड उघडं, आणि गाद्या दोनच्या आत खाली

दरवर्षी घट बसले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "अरे हा उन्हाळा परत कुठून आला". येतो म्हंजे काय, दरवर्षी येतो आणि दरवर्षी आपण नव्याने वैतागतो. मी पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर डायरेक्ट गच्ची, हॉलला दक्षिणेची खिडकी आणि किचनला पश्चिमेची, म्हंजे ऑक्टोबरला भाजून निघायची सगळी सोय बिल्डरने करून दिलेली आहे. एसी फक्त बेडरूममध्ये. त्यामुळे बाकी घर कसं सुसह्य ठेवायचं यात गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्यापैकी हात बसलाय, ते सगळं इथे एकदाच लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हा मे महिना नाही. मे मधले उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. पाऊस परतला (मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पुण्याचं एखाद दिवस मागेपुढे) की ढगांचं पांघरूण निघून जातं, त्यामुळे दिवसा ऊन थेट लागतं, पण त्याच कारणाने रात्री जमिनीची उष्णता वर निघूनही जाते. म्हणून पुण्यात, नाशकात दुपारी ३२-३३ आणि पहाटे पांघरूण ओढावं लागतं असा प्रकार होतो. त्यात जमीन अजून ओली, हवेत दमटपणा, म्हणून आकड्यापेक्षा जास्त उकडतं. मुंबई-ठाणेवाल्यांचं दुखणं वेगळं, तिथे पूर्वेकडून जमिनीवरचा वारा जोर धरतो आणि समुद्राकडचा वारा दुपारी उशिरापर्यंत आत शिरतच नाही, तोपर्यंत पारा ३५ च्या वर गेलेला असतो, आणि रात्रीही फार काही उतरत नाही. तेव्हा पुढचं रात्रीचं तंत्र मुंबईकरांना अर्धंच लागू.

दुसरी गोष्ट उन्हाच्या दिशेची, आणि ही मला कळायला पाच वर्षं लागली. आमच्या हॉलच्या खिडकीतून मे महिन्यात ऊन आत येत नाही. म्हणून मी सोफा तिथे ठेवला होता. आणि ऑक्टोबरात त्याच सोफ्यावर दुपारी बसवत नाही, हात ठेवला तर रेक्झीन चटका देतं. कारण साधं आहे, पुण्यात १३-१४ मे च्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो), मग जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि २३ सप्टेंबरला तो विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेला की दक्षिणेच्या खिडक्यांतून तिरका आत घुसायला लागतो. छज्जा फूटभराचा असेल तर खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन येतं आणि फरशीवर दीड-दोन फूट पसरतं, डिसेंबरपर्यंत आणखी आत सरकतं. तेव्हा पहिलं काम, एखाद्या रविवारी दिवसभर घरात बसून कुठलं ऊन किती वाजता कुठे येतं ते बघा. खडूने फरशीवर रेघ मारली तरी चालेल, माझ्या मुलाला तेवढंच काम मिळालं होतं. मग सोफा, टीव्ही, फ्रीज, धान्याचे डबे त्या पट्ट्यातून हलवा.

ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. आपण काय करतो, आतून जाड पडदा लावतो, आणि मग तो पडदाच तापून हीटर होतो. ऊन एकदा काचेतून आत आलं की उष्णता घरातच राहणार, पडदा कितीही जाड असू दे. म्हणून ग्रीलला बाहेरून बांबूची चिक, नाहीतर नर्सरीत मिळते ती हिरवी शेडनेट, काहीच नसेल तर जुनी सुती चादर सुतळीने बांधा. दिसायला भंगार दिसतं हे खरं, आमच्या सेक्रेटरींनी बोलून दाखवलं होतं, मी म्हटलं तीन आठवडे सहन करा काका. सकाळी ऊन चढायच्या आत, म्हंजे नऊ-साडेनऊला, खिडक्या लावून घ्यायच्या, वर एखादी फट ठेवायची. "उकडतंय म्हणून खिडकी उघड" हा रिफ्लेक्स दुपारी आवरा, बाहेरची हवा त्या वेळी आतल्यापेक्षा गरम असते, तुम्ही गरम हवेला आवतण देताय.

संध्याकाळी साडेसातच्या पुढे उलटं. सगळं उघडायचं. फक्त उघडून चालत नाही, हवा खेचायला लागते, किचनचा एक्झॉस्ट फॅन चालू करा आणि तेवढा वेळ घराच्या विरुद्ध टोकाची एकच खिडकी पूर्ण उघडी ठेवा, मधली दारं आपटू नयेत म्हणून काहीतरी अडकवा (आमच्याकडे वरवंटा असतो), पंधरा-वीस मिनिटांत फरक कळतो. गच्चीखालचं घर असेल तर स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, हाताने वर चाचपून बघा, छत कोमट लागतं. त्यावर रात्री पाणी मारायचा सल्ला लोक देतात, मी देणार नाही, एक तर पाण्याची नासाडी आणि दुसरं म्हंजे पावसाळ्यात कुठे भेग पडली असेल तर ते पाणी थेट तुमच्या पीओपीत. त्यापेक्षा गच्ची आता कोरडी झालीये, घासून धुवा आणि पांढरा चुना नाहीतर उष्णता परतवणारा पांढरा पेंट मारून घ्या, त्याचा उपयोग मार्चपासून पुन्हा आहेच.

पंख्याचं एक सांगते. पावसाळाभर हळू चालवलेला असतो, पात्यांवर चिकट धुळीचा थर बसतो, तो पुसला तरी वारा वाढतो. उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवा आणि आतल्या बाजूने ओढत पुसा, धूळ अभ्र्यातच पडते, बेडवर नाही. पुसूनही पंखा रडतोय तर बहुतेक कपॅसिटर गेलाय, स्वस्तातली वस्तू आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा, लगेच नवा पंखा घेऊ नका. कुलर ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढायची घाई नको, हवा दमट असताना तो नुसता चिकचिकाट वाढवतो. आणि एसी २०२० पासून जे विकले जातायत ते चालू केल्यावर मुळात २४ वरच येतात, तिथून तुम्ही २६ करा आणि सोबत पंखा एकवर, मला तर ड्राय मोडच पुरतो.

आता गाद्या. माझ्या मते ऑक्टोबर हीटचा खरा उपयोग इथे आहे. चार महिने घराने ओल पिलेली असते. कपाटामागे हात घाला, भिंत गार लागते, चपलांच्या रॅकमध्ये चामड्याच्या बुटांवर पांढरी बुरशी, गोधड्यांना तो कुबट वास. हे सगळं वाळवायला निसर्गाने दोन-तीन आठवडे फुकट दिलेत आणि आपण एसीत बसून त्याला शिव्या घालतो. पण वेळेचं भान ठेवा. एका वर्षी मी आणि सासूबाईंनी दोन कापसाच्या गाद्या जिने चढून गच्चीवर नेल्या, कडक ऊन, आभाळ स्वच्छ, म्हटलं राहू देत पाचपर्यंत. साडेतीनला पूर्वेकडून काळं आलं, वारा सुटला, मी जिन्यात पोचेपर्यंत टपोरे थेंब. परतीचा पाऊस. गादी एवढी जड झाली की दोघींना हलेना, शेवटी वॉचमनदादा आणि सोसायटीतल्या शाळकरी पोरांनी ओढली, पुढचे चार दिवस ती गादी बाल्कनीत उभी आणि आम्ही जमिनीवर सतरंजीवर. सासूबाई अजून म्हणतात, "तुझ्या हवामान अ‍ॅपला विचार". तेव्हापासून घरात नियम आहे, गाद्या नऊला वर, बाराला पालटायच्या, दोनच्या आत खाली. परतीच्या सरी बहुतेक दुपारनंतरच्याच असतात, सकाळी ऊन तापवतं आणि दुपारी ढग बांधतात.

पालटताना काठीने झोडायच्या, आधी नाही. तापल्यावर कापूस फुलतो आणि धूळ सुटते. खाली आणल्यावर लगेच चादर घालू नका, तासभर पंख्याखाली राहू द्या, नाहीतर तापलेल्या गादीवर झोपून रात्रभर तळमळाल. फोमच्या गाद्या कडक उन्हात अजिबात नकोत, सावलीत वाऱ्याला उभ्या करा. पैठण्या, सिल्कच्या साड्याही थेट उन्हात नाहीत, रंग उडतो, घरातच पंख्याखाली उलगडून घडी बदलून ठेवायच्या. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि तशीच राहू द्या.

धान्याचं, डाळी उन्हात चालतात, तांदूळ नको. तांदूळ कडक उन्हात तडकतो आणि मग भातात कण्याच कण्या. सावलीत पसरा, सोंडे स्वतःच निघून जातात, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डबा घट्ट.

किचनमध्ये या दिवसांत सगळ्याचीच गती बदलते. पावसाळ्यात इडलीचं पीठ रात्रभर ठेवून सकाळी रुसून बसलेलं असायचं, ते आता सहा-सात तासांत फुगून पातेल्याबाहेर, म्हणून भांडं अर्धंच भरा. दही संध्याकाळी लावलं तर झोपताना फ्रीजमध्ये, दूध दोनदा तापवा. गॅसचं काम दहाच्या आत उरका, पश्चिमेचं किचन असेल तर चार ते सहा तिथे उभं राहणं म्हंजे शिक्षाच आहे, त्यामुळे संध्याकाळची भाजी सकाळीच चिरून किंवा फोडणीला टाकून ठेवलेली बरी. माठ परत काढा, पण आधी आतून नुसत्या काथ्याने घासा, साबण नको, एक रात्र पाणी भरून ते झाडांना. प्यायला ताक, कोकम, लिंबू. नवरात्राचे उपास करणाऱ्यांनी नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, काकडी, भगर, पातळ ताक घ्या. कुणाला उलटी-जुलाब झालेच तर घरचं जलसंजीवनी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचे चहाचे आणि मोजून, अंदाजपंचे नाही. आमचे आजोबा म्हणायचे शरद ऋतू वैद्यांची आई, दवाखान्यातली गर्दी बघितली की पटतं.

त्या गर्दीत डेंग्यू असतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस, आमच्याकडे शुक्रवार, साचलेलं पाणी ओतायचा ठेवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात मोडलं की झालं. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनी प्लँटची बाटली सगळ्यांना आठवते. फ्रीजच्या मागचा खालचा ट्रे कुणालाच आठवत नाही. टॉर्च लावून एकदा बघाच. नुसतं ओतून भागत नाही, काठ घासायचा, अंडी तिथे चिकटलेली असतात. आणि हा डास दिवसा चावतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला खिडक्या लावून समाधान मानू नका, पोरांना दुपारीही फुल पँट.

शेवटचं दिवाळीच्या कामाचं. चिवड्याचे पातळ पोहे याच उन्हात घालून ठेवा, ओव्हनपेक्षा भारी काम होतं. चाळून घ्यायचे, मोठ्या परातीत एका बोटाच्या थराने पसरायचे, अकरा ते एक, मध्ये एकदा हात फिरवायचा. बोटांत धरून चुरडल्यावर कुरकुर आवाज आला की झाले, मग गार करून डब्यात, नंतर चिवड्याला भाजायचा वेळ निम्म्यावर येतो आणि आकसतही नाहीत. वर जुनी सुती ओढणी टाका आणि चारी कडांना चिमटे लावा, नुसती टाकू नका, पुण्यातल्या कबुतरांना ओढणी उचलता येते, मी स्वतः बघितलंय.