खास हत्यारं उसनी घ्यावीत की विकत? घरी गाडीचं काम करताना या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्कूटरचं ऑइल बदलताना मी जुनं ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टच्या भोकाचे आटे घालवले, त्याला बरीच वर्षं झाली. हातातलं हत्यार चांगलं होतं. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांचा स्वतःचा, जपून वापरलेला टॉर्क पाना (ठरवलेला पिळायचा जोर, म्हणजे टॉर्क, आला की ‘टक’ वाजणारा) होता तो. पण त्याची मर्यादा ४० ते २०० न्यूटन मीटर. त्या बोल्टला लागतात पंचविसेक. मी पाना सगळ्यात खालच्या खुणेवर आणला, ‘टक’ असा आवाज कधी येतो याची वाट पाहत जोर देत राहिलो. आवाज आलाच नाही. पाना आधी जड होत गेला आणि मग एकदम हलका फिरला. इंजिनचं केसिंग (बाहेरचं कवच) ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट लोखंडी, त्यामुळे आटे गेले ते केसिंगचे.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. उसनं की विकत हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की हे हत्यार याच बोल्टसाठी आहे का, आणि ते निसटलं तर काय जाईल?

‘आहे का तुमच्याकडे?’ एवढंच विचारणं

नाशिकमध्ये हत्यारं मिळण्याची अडचण सहसा येत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे प्रत्येक गल्लीत एखादा फिटर, टर्नर नाहीतर टूलरूमवाला सापडतो. बॉश कंपनीला तिच्या जुन्या नावाने मायकोच म्हणणारी पिढी अजून आहे, आणि त्यांच्या पेट्यांमध्ये अशी हत्यारं आहेत की पाहत राहावं. पण मागताना गाडीचं मॉडेल, कोणता बोल्ट, किती टॉर्क हे सांगूनच मागा. टॉर्क किती तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. क्लिकवाला टॉर्क पाना त्याच्या कमाल मर्यादेच्या एक पंचमांशाखाली भरवशाचा नसतो. २०० चा पाना घेऊन २५ चं काम करायला जाऊ नका, त्याला छोटा पाना लागतो.

हेच मॅग्नेट पुलरचं. बाइकचा मॅग्नेट (क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरचं चुंबकांचं चाक) ओढून काढायचा पुलर वरवर सगळ्यांचा सारखाच दिसतो. आतले आटे मात्र मॉडेलप्रमाणे बदलतात, काहींना उलटे आटे असतात. पुलर आधी नुसत्या हाताने पाच-सहा फेरे सहज बसला पाहिजे. दोन फेऱ्यांत अडला तर तो तुमचा नाही, परत करा. मॅग्नेटवर हातोडी मारू नका. आतली चुंबकं तडकतात, क्रँकला मार बसतो, आणि दोनशे-तीनशे रुपयांचा पुलर वाचवण्याच्या नादात इंजिन उघडायची वेळ येते.

आटे आधीच गेले असतील तर? टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट ठोकू नका, जाड बोल्टही जबरदस्तीने बसवू नका. चांगल्या लेथवाल्याकडे जाऊन हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची वळी) बसवून घ्या. माझ्या स्कूटरला बसवलेलं आजही टिकून आहे. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा टाका, तो दहा-वीस रुपयांत येतो.

रोज लागणारं उसनं आणि वर्षातून एकदा लागणारं विकत

बहुतेक घरांत नेमकं असं उलटंच होतं. प्लग पाना दर सर्व्हिसिंगला शेजारून येतो, आणि बेअरिंग पुलर मात्र एकदाच वापरून माळ्यावर गंजत पडलेला असतो. माझा हिशोब साधा आहे. एखादी वस्तू तिसऱ्यांदा मागायची वेळ आली की ती विकत घ्यायची.

प्लग पाना (बऱ्याच बाइकला १६ मिमी, जुन्या मोठ्या प्लगला २१ मिमी), टॅपेटसाठी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), छोटा टॉर्क पाना आणि चांगल्या गोट्यांचा (नटावर बसणाऱ्या सॉकेटचा) सेट एवढं स्वतःचं असावं. गोट्या सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी नटाला फक्त कोपऱ्यांवर पकडते, म्हणून गंजलेल्या नटाचे कोपरे घासून तो गोल करते. नाशिकच्या चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे फार भोवतं. शंभर नगांची चकचकीत पेटी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. त्यातल्या दहाच गोष्टी वापरात येतात, आणि नेमक्या त्याच मऊ लोखंडाच्या निघतात.

स्क्रूड्रायव्हरचंही एक सांगतो, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. जपानी घडणीच्या बाइकच्या कव्हरवरचे जुने स्क्रू साध्या फिलिप्स (चौफुली) खाचेचे नसतात, जेआयएस नावाच्या, जपानी मानकाच्या वेगळ्या खाचेचे असतात. साधा ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खातो. ‘स्क्रू खराब आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. जेआयएसचा एक ड्रायव्हर घ्या. घट्ट बसलेल्या स्क्रूंसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र उसना चालतो, तो वर्षानुवर्षं लागत नाही.

जिथे जीव टांगलेला आहे तिथे उसनवारी

जॅक उसना आणा, हरकत नाही. आणल्यावर गाडी थोडी उचला, उंचीवर खडूने खूण करा आणि पंधरा मिनिटं बघा. गाडी खाली बसत असेल तर जॅकचं सील गेलंय. पण जॅक कितीही चांगला असला तरी जॅक स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. स्टँड स्वतःचेच घ्या. दुसऱ्याच्या स्टँडवर आधी काय काय पडलंय, त्याचं वेल्डिंग कुठे हललंय, हे आपल्याला दिसत नाही. भंगारातून तर मुळीच घेऊ नका.

सस्पेन्शनच्या स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर उसनाही नको आणि विकतही नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात किंवा चेहरा जायबंदी होतो. अख्खा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा जोड) काढा आणि गॅरेजवर न्या.

मागच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांबाबतही सांभाळा. हँडब्रेक कॅलिपरमध्येच (डिस्कला पकडणाऱ्या भागातच) असेल तर बहुतेक गाड्यांत पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत आत घ्यावा लागतो. सी-क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा मोडते. फिरवायचं हत्यार हाती नसेल तर हे काम थांबवा. कसारा घाट उतरताना या ब्रेकवरच भरवसा असतो.

मिस्त्रीच्या पेटीला हात घालणं

गॅरेजवाल्याने हत्यार नाही दिलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्याचं पोट त्यावर आहे. पंचवटीतल्या आमच्या मिस्त्रीकडे मी पुढच्या चाकाचं बेअरिंग काढायला पुलर मागितला, तर ते म्हणाले, “पुलर नाही देणार, चाक घेऊन या.” चाक नेलं. त्यांनी प्रेसवर (दाबयंत्रावर) दहा मिनिटांत जुनं काढून नवं बसवलं. मी हातोडीने ठोकून बसवलं असतं तर बाहेरची रिंग वाकडी गेली असती आणि थोड्याच दिवसांत घुंईं आवाज सुरू झाला असता. प्रेसचं काम आलं की हत्यार मागू नका, काम करून घ्या आणि पैसे द्या.

कामावर असलेल्या मित्राला ‘कंपनीतून टॉर्क पाना आण’ म्हणणंही टाळा. गेटवर सापडला तर त्याची नोकरी जाईल. शिवाय कॅलिब्रेट केलेला (अचूकता तपासून घेतलेला) पाना पार्किंगमध्ये पडला, तर उद्या त्याच पान्याने कुणाच्या तरी गाडीचे बोल्ट आवळले जातात.

स्कॅनर हातात आला की आधी कोड पुसणं

डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा विझला म्हणून आजार बरा होत नाही. उसना ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला की सगळे कोड आणि फ्रीझ फ्रेमचे, म्हणजे बिघाडाच्या क्षणी नोंदले गेलेले आकडे आधी वहीत उतरवा किंवा फोटो काढा, पुसायचं नंतर. पुसल्यावर तो पुरावा जातो आणि मेकॅनिकही चाचपडत बसतो. बीएस-६ बाइकला, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना, लावताना सॉकेट आधी पाहा. बऱ्याच बाइकना छोटं सहा पिनांचं असतं, कारचा स्कॅनर त्यात थेट बसत नाही, वेगळी वायर लागते.

परत करताना

हत्यार घेताना त्याचा फोटो काढून ठेवा. परत देताना पुसून, हलकं तेल लावून द्या. पावसाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाना दोन दिवसांत तांबूस होतो. काही तुटलं तर त्याच दिवशी सांगा आणि त्याच दर्जाचं नवं आणून द्या. टॉर्क पान्याने नट सैल करायचा नाही. काम झालं की खूण सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग ताणात राहून पाना खोटं बोलायला लागतो. साधारण वर्षाने किंवा ५,००० वापरांनंतर तो तपासून घ्यावा लागतो तो यासाठीच.

मी काकांना पाना परत दिला तेव्हा आट्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी आधी मुठीजवळची खूण पाहिली, ती ४० वर होती. मग आत गेले आणि ५ ते २५ चा छोटा पाना घेऊन आले. म्हणाले, “हा मागायचा होतास.”