बिनसाखरेचा ॲपलसॉस: या चुका टाळा

ॲपलसॉसची कृती एका ओळीत मावते: सफरचंदं चिरायची, शिजवायची, घोटायची. म्हणूनच तो बिघडला की नेमकं कुठे चुकलं ते लवकर सापडत नाही. फळ बेचव निघालं, पाणी जास्त पडलं, लिंबू चढलं, तरी साखर घातलेला सॉस खपून जातो. बिनसाखरेच्या सॉसमध्ये यातलं काहीच लपत नाही. आपल्याकडे तो बाळाच्या वरच्या खाण्यासाठी, बिनअंड्याच्या केकसाठी किंवा घरात कुणाची साखर वाढली म्हणून केला जातो. कारण काहीही असो, चुका बहुतेक त्याच त्या होतात.

सपक झाला? फळ निवडताना चुकलं

सगळ्यात मोठी तक्रार हीच. आणि तिचं मूळ गॅसवर नसून पिशवीत असतं.

आपल्या बाजारात सिमला किंवा काश्मिरी म्हणून जे लाल सफरचंद मिळतं, ते बहुतेक वेळा डेलिशियस गटातलं असतं. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकेतून आलेल्या गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढ भागात रेड डेलिशियसची लागवड सुरू केली आणि पुढे हिमाचलच्या बागाच्या बागा या जातीच्या झाल्या. फळ नुसतं खायला उत्तम: गोड, रसाळ, आंबटपणा अगदी नावाला. पण शिजवल्यावर हाच गुण आड येतो. आंबटाची जोड नसली की शिजलेल्या फळाचा गोडवा जाणवतच नाही, चव मिळमिळीत लागते. मग हात साखरेच्या डब्याकडे जातो. खरं तर सॉसमध्ये कमी पडलेला असतो तो आंबटपणा, गोडवा नव्हे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर बिनसाखरेचा सॉस निम्मा जमला म्हणून समजा.

म्हणून दोन प्रकारची सफरचंदं मिसळा. किलोभर घेणार असाल तर पाऊण किलो डेलिशियस किंवा गाला आणि एक-दोन आंबट, हिरवी ग्रॅनी स्मिथ. हिरवं सफरचंद महाग पडतं, सगळीकडे मिळतही नाही. तसं असेल तर नुसत्या लाल सफरचंदांचा सॉस करा आणि किलोमागे एक ते दोन छोटे चमचे लिंबाचा रस घाला. तो मात्र शेवटी, चव घेत घेत. सुरुवातीलाच भरपूर लिंबू पिळलं तर फोडी मऊ पडायला वेळ लागतो, कारण फळाला घट्ट धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा घटक आंबट पाण्यात सहज विरघळत नाही. वीस मिनिटं झाली तरी फोडी टणकच, असं झालं तर आधी लिंबू किती घातलं होतं ते आठवा.

हिमाचलचा नवा माल जुलै-ऑगस्टपासून, काश्मीरचा साधारण सप्टेंबरपासून येऊ लागतो. गणपती ते दिवाळी हा सॉस करायला सगळ्यात चांगला काळ. उन्हाळ्यात मिळणारं फळ शीतगृहातलं किंवा परदेशातलं असतं. ते वाईटच असं नाही, पण घेताना हातात धरून पाहा. वजनाला हलकं, अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबणारं, वास नसलेलं सफरचंद आतून पिठूळ निघतं. ते शिजतं झटकन, पण चव देत नाही.

आणि सॉससाठी चालेल म्हणून सडकी फळं स्वस्तात आणू नका. नुसता मार लागून तपकिरी झालेला भाग कापून टाकला तर हरकत नाही. पण बुरशी धरलेलं, आतून कुजलेलं फळ सबंध फेकायचं. त्यात पॅट्युलिन नावाचं विष तयार झालेलं असू शकतं आणि ते शिजवून नाहीसं होत नाही.

पाणी: फोडी बुडेपर्यंत घालायचं नसतं

सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणीच असतं. बटाटे उकडायची सवय असलेला हात फोडी बुडेपर्यंत पाणी ओततो आणि शेवटी सॉसऐवजी सार तयार होतं. किलोभर सफरचंदांना अर्धा कप पाणी पुरतं, तेही पहिल्या पाच-सात मिनिटांत बुडाला लागू नये एवढ्यापुरतं. जाड बुडाचं पातेलं, वर झाकण, आच मंद. थोड्याच वेळात फोडी स्वतःचं पाणी सोडतात. फोडी एकसारख्या, साधारण इंचभराच्या करा, नाहीतर बारीक फोडींचा लगदा होतो आणि मोठ्या मधूनच कच्च्या राहतात.

पातळ झालाच तर झाकण काढून मंद आचेवर आटवा. घट्ट होत आला की गर फुटून उडतो आणि चांगला भाजतो, तेव्हा लांब दांड्याचा चमचा घ्या आणि ढवळत राहा. कॉर्नफ्लोअर घालू नका, त्याने चव दबते आणि सॉस चिकट होतो. गार झाल्यावर तो थोडा आळतोच, म्हणून गॅस बंद करताना हवा त्यापेक्षा जरासा सैल ठेवा. चमच्याने पातेल्याच्या बुडावर रेघ ओढली आणि ती क्षणभर टिकून मग भरून आली, की थांबायचं. किलोभर फळांचा साधारण सातशे ग्रॅम सॉस होतो. त्याहून बराच जास्त भरला तर तो पाणीदार राहिलाय.

खाली लागलाच तर खरवडू नका. वरचा सॉस अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. करपल्याचा वास एकदा मिसळला की जात नाही.

कुकर वापरताय?

बाळासाठी एकच सफरचंद शिजवायचं तर कुकर सोयीचा, पण फोडी थेट कुकरच्या भांड्यात टाकून शिट्ट्या काढू नका. सफरचंदाचा गर उकळताना फेसाळून वर येतो आणि वाफेच्या नळीत अडकू शकतो. नळी तुंबली की दाब अडकून राहतो, हे धोक्याचं आहे. भातासारखं करा: कुकरच्या तळाला पाणी, वर डबा, डब्यात फोडी. डब्यात वेगळं पाणी नको आणि डब्यावर झाकण हवंच, नाहीतर वाफेचं पाणी थेंब थेंब आत पडून सगळं पांचट होतं. दोन शिट्ट्या पुरतात. वाफ आपोआप जिरू द्या.

भांडं स्टीलचं घ्या. साध्या ॲल्युमिनियमला किंवा लोखंडी कढईला सफरचंदाचं आम्ल लागतं, चव धातूसारखी होते आणि लोखंडात सॉस काळपट पडतो.

मिक्सर की पुरणयंत्र?

इथे आपल्या घरात एक उत्तम साधन आधीच आहे आणि ते होळीनंतर माळ्यावर जातं. सालीसकट शिजवलेल्या फोडी पुरणयंत्रातून फिरवल्या की साल वर राहते आणि खाली एकसारखा, किंचित दाणेदार गर पडतो. परदेशात यासाठी जे यंत्र वापरतात ते याच पद्धतीने चालतं. सालीत पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे सॉसला अंग येतं आणि लाल सालीचा हलका गुलाबी रंगही उतरतो. मात्र फळ मेणाने चकाकत असेल तर साल आधीच काढा. बिया आणि मधला कडक भाग दोन्ही पद्धतींत काढायचाच. बिया भरडल्या गेल्या तर सॉस कडवट होतो.

मिक्सरमध्ये दोन चुका होतात. एक, गरम फोडी भरून झाकण घट्ट लावणं. आतल्या वाफेने झाकण उडून हात भाजतात, तेव्हा कोमट होऊ द्या. दुसरी, खूप वेळ फिरवणं. आत हवा भरते, सॉस फेसाळतो आणि लवकर तपकिरी पडतो. थांबत थांबत दोन-तीनदा फिरवलं की झालं. मोठ्यांना खायचा असेल तर पावभाजीच्या मॅशरनेही सुरेख होतो, मध्ये मध्ये तुकडे आलेले छान लागतात.

थोडा सोनेरी-तपकिरी रंग ही चूक नाही, तो सफरचंदाचा स्वभाव आहे. अगदी काळपट होत असेल तर फोडी चिरून ठेवण्यात वेळ जातोय. चिरलं की लगेच पातेल्यात टाका. मिठाच्या पाण्यात फोडी बुडवायची युक्ती बाळाच्या सॉसला नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ द्यायचं नसतं.

साखर नाही, मग गूळ?

गूळ, मध, खजूर सिरप घालून सॉसला बिनसाखरेचा म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. शरीरासाठी ती साखरच. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गोडवा उठून दिसायला हवा असेल तर शिजताना दालचिनीचा एक तुकडा टाका आणि नंतर काढून घ्या. पूड शिजत ठेवली तर बुळबुळीत होते, जास्त झाली तर कडू.

मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत एक गैरसमज फार दिसतो. वरून साखर नाही म्हणजे साखर नाही, असं नव्हे. अशा सॉसच्या १०० ग्रॅममध्ये फळाची स्वतःची ९-१० ग्रॅम साखर असते, आटवला तर आणखी जास्त. आणि चावून खाल्लेल्या सबंध सफरचंदाने जसं पोट भरतं, तसं वाटीभर सॉसने भरत नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन चमचे, जेवणाचा भाग म्हणून, एवढंच ठीक.

मुरांब्यासारखा टिकत नाही

मुरांबा साखरेमुळे टिकतो. इथे ती नाही, म्हणून बरणी ओट्यावर ठेवायची नाही. सॉस कोमट झाला की फ्रिजमध्ये. बाळासाठी दोन दिवस, मोठ्यांसाठी चार-पाच. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन-तीन महिने चांगल्या राहतात. काचेच्या बरणीत गोठवणार असाल तर वर बोटभर जागा सोडा, गोठताना सॉस फुगतो. बाळाच्या वाटीत उरलेला सॉस परत बरणीत ओतू नका, लाळ लागलेला सॉस लवकर नासतो. बुडबुडे, दारूसारखा वास किंवा बुरशीचा ठिपका दिसला की सगळाच टाकायचा, वरचा थर काढून खालचा वापरायचा नाही.

गोठवलेला सॉस वितळला की थोडं पाणी सुटतं. नुसता खायचा असेल तर ढवळून घ्या. केकमध्ये एका अंड्याऐवजी पाव कप, म्हणजे साधारण ६० ग्रॅम सॉस घेतात. तिथे मात्र हे सुटलेलं पाणी आधी गाळणीवर निथळून टाका, नाहीतर केक मधोमध ओला राहतो आणि ओव्हनमधून काढल्यावर खाली बसतो.