उन्हाळ्याच्या अखेरीस परसबागेत हमखास होणाऱ्या चुका

उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे लहान गावातल्या परसबागांची परीक्षा पाहणारे असतात. पाने मलूल होतात, टोमॅटोची फुले गळतात, काकडी कडू लागते आणि विहिरीची पातळी उतरल्याने पाणीही जपून वापरावे लागते. अशा वेळी कोणी खत घालतो, कोणी फवारणी करतो, तर कोणी दिवसातून दोनदा पाणी देतो. उन्हाने होणाऱ्या नुकसानीत या घाईने होणाऱ्या नुकसानीची भर पडते, कारण झाडाला नेमके काय झाले आहे हे पाहण्याआधीच उपाय करून झालेला असतो.

दुपारी मान टाकलेल्या वेलाला पाणी घालणे

भोपळा, दुधी आणि काकडी यांची पाने मोठी असल्यामुळे भर दुपारी मुळे जितके पाणी पुरवू शकतात त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जाते, आणि जमिनीत पुरेशी ओल असतानाही वेल मान टाकतो. ऊन उतरल्यावर तो सावरत असेल, तर त्याला काहीही करण्याची गरज नाही. सकाळीही पाने मलूलच दिसली, तर आधी बोट मातीत चार-पाच सेंटिमीटर खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तर पाणी द्यावे; ओली लागली तर मूळकूज किंवा मर रोगाचा संशय घ्यावा, कारण तिथे आणखी पाणी घातल्यास झाड लवकर जाते.

रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याची सवयही घातकच आहे. त्याने फक्त वरचा थर भिजतो, मुळे त्याच थरात राहतात आणि नेमका तोच थर सर्वांत आधी तापून कोरडा होतो. आठवड्याला दर चौरस मीटरला सुमारे २५ लिटर पाणी हा ढोबळ हिशेब धरून ते दोन-तीन वेळांत विभागावे आणि सकाळी बुडाशी द्यावे. जमीन रेताड असेल किंवा ऊन फार कडक असेल, तर हे प्रमाण वाढवावे लागते. वाळलेल्या गवताचे किंवा पाल्याचे ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन ओल टिकवते, मात्र ते खोडाला भिडवू नये.

टोमॅटोच्या प्रत्येक तक्रारीवर खत घालणे

टोमॅटोचे खालचे टोक काळे पडून खोलगट होते, तेव्हा बहुतेकांना रोग आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हा रोग नसून फळाला कॅल्शियम न पोचल्याचा परिणाम असतो, आणि मातीत कॅल्शियम भरपूर असतानाही तो दिसतो. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढते. पाने पाणी अधिक ओढत असल्यामुळे ते पानांकडे जाते, फळाच्या वाट्याला थोडेच येते, आणि पाण्यात खंड पडला की तेवढेही येत नाही. म्हणूनच अंड्याची टरफले पुरण्याचा सर्वांच्या तोंडी असलेला उपाय या हंगामात उपयोगी पडत नाही, कारण टरफले मातीत अतिशय सावकाश विरघळतात. पानांवर फवारलेले कॅल्शियमही पानांतून फळाकडे सरकत नाही. वर नत्रयुक्त खत दिल्यास पाला माजतो आणि फळाचा वाटा आणखी घटतो. पाण्याच्या पाळ्या नियमित करणे हाच खरा इलाज होय. तोवर बिघडलेली फळे काढून टाकावीत, म्हणजे झाडाची शक्ती त्यांच्यावर खर्च होणार नाही.

फूलगळीचे कारण बहुधा तापमान असते. दिवसा पारा ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि रात्रीही २१ ते २४ अंशांखाली उतरला नाही, की परागकण निकामी होऊ लागतात आणि फुले गळतात. त्यावर खताचा उपयोग नाही. हवा निवळेपर्यंत झाड जगवावे, सावलीची जाळी लावावी, एवढेच हाती असते.

फळे लाल व्हावीत म्हणून वरची पाने छाटणे ही तर दुहेरी चूक आहे. टोमॅटो पिकण्यासाठी त्यावर ऊन पडावे लागत नाही. उलट ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि उघड्या पडलेल्या फळांवर पांढरे करपट चट्टे उठतात. रंग बदलू लागलेले फळ तोडून घरात सावलीत ठेवल्यास ते उत्तम पिकते. मोठ्या पावसाची चिन्हे दिसताच अशी फळे काढून घेणेही शहाणपणाचे, कारण कोरड्या जमिनीला अचानक भरपूर पाणी मिळाले की तयार फळे तडकतात.

कडू फळ तसेच शिजवणे

काकडीचा कडवटपणा पाण्याच्या ताणामुळे वाढतो आणि तो मुख्यतः देठाकडे व सालीखाली असतो, त्यामुळे किंचित कडू काकडीचे देठाकडचे टोक कापून साल काढली की पुष्कळदा काम भागते. दुधी आणि भोपळा यांच्या बाबतीत मात्र ही सवलत घेऊ नये. ते कडू लागले, तर त्यांतील कुकुरबिटासिन या द्रव्यांनी विषबाधा होऊ शकते आणि शिजवल्याने ती द्रव्ये नष्ट होत नाहीत. चव कडू लागताच घास थुंकावा आणि फळ फेकून द्यावे, मग ते शेजाऱ्यांनी कितीही प्रेमाने दिलेले असो. शेजारीपाजारी बियांची देवघेव करतानाही हे ध्यानात असावे, कारण शोभेच्या किंवा रानटी वेलाशी संकर झालेल्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळे येऊ शकतात.

दिसेल त्यावर फवारणे

भुरी, म्हणजे पानांवर पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी, बहुधा जुन्या, दाटीतल्या पानांवर आधी येते. ती पाने काढून वेलात हवा खेळू द्यावी. गंधक फवारायचे असल्यास पारा ३२ अंशांच्या वर असताना फवारू नये, पाने करपतात. लाल कोळी या पानांतला रस शोषणाऱ्या अतिशय बारीक किडीचा संशय आल्यास पान पांढऱ्या कागदावर झटकून पाहावे. हलणारे बारीक ठिपके दिसले, तर पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. सरसकट सर्व किडी मारणारे कीटकनाशक कोळी खाणाऱ्या मित्रकीटकांनाही मारते, आणि त्यानंतर कोळी पूर्वीपेक्षा वाढतो. फुललेल्या वेलावर सकाळी फवारणी केल्यास मधमाश्या मरतात आणि मग फळ का धरत नाही, अशी तक्रार सुरू होते.

साठवलेले पाणी आणि परगावी जाणे

टंचाईत पिंपे भरून ठेवणे रास्त आहे, पण त्यांना घट्ट झाकण हवे. उघड्या पाण्यात डासांच्या अंड्यांपासून साधारण आठवडा-दीड आठवड्यात डास तयार होतात. त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात. परगावी जाताना बाग शेजाऱ्यांवर सोपवली असेल, तर केवळ पाणी घालायला न सांगता तयार काकडी व शेंगा तोडून स्वतःसाठी नेण्यासही सांगावे. फळे वेलावर जून होऊन त्यांत बी भरले, की वेल नवी फुले धरणे कमी करतो.