अमेरिकेत गाडीचा विमा घेताय? या चुका टाळा

पुण्याहून न्यू जर्सीला आलेला माणूस पहिल्या महिना-दोन महिन्यांत गाडी घेतो आणि विम्याचा सर्वांत स्वस्त पर्याय निवडून मोकळा होतो. डोक्यात आपला ‘थर्ड पार्टी’ असतो. गफलत तिथेच होते. भारतात थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल तेवढी रक्कम कंपनी भरते. अमेरिकेत मर्यादा पॉलिसीवरच छापलेली असते. त्यापुढचं तुमच्या खिशातून.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा ३०/६०/१५ आहे. म्हणजे एका जखमीमागे ३० हजार डॉलर, अपघातातल्या सगळ्या जखमींचे मिळून ६० हजार, आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५ हजार. समोर नवी कोरी एसयूव्ही असेल तर १५ हजारांत काय होणार? त्यामुळे ‘राज्याचं किमान’ म्हणजे ‘पुरेसं’ असं समजू नका. १००/३००/१०० चा भाव एकदा विचारून तरी बघा.

राज्य बदललं की नियम बदलतात. फ्लोरिडात बहुतेकांना दुसऱ्याच्या इजेचा विमा सक्तीचाच नाही. स्वतःच्या उपचारांसाठी १० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १० हजार एवढंच बंधन. तिथे ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ कव्हर (धडक देणाऱ्याकडे विमाच नसेल तर तुमच्या इजेची भरपाई देणारं) ऐच्छिक आहे, पण ते खोडून टाकणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून स्टँडर्ड पॉलिसीचं किमान ३५/७०/२५ झालं. पण इथली खरी मेख फॉर्ममधल्या दोन चौकटींत आहे. चूक कोणाचीही असो, तुमच्या उपचारांचा खर्च पॉलिसीतल्या ‘पीआयपी’ (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन) या भागातून मिळतो. त्याऐवजी आधी तुमचा आरोग्य विमा पैसे देईल, अशी खूण केली की हप्ता कमी होतो. मात्र काही नोकऱ्यांमधले आरोग्य विमे वाहन अपघाताचा खर्च उचलतच नाहीत, म्हणून आधी एचआरला विचारा. दुसरी चौकट दावा करण्याच्या हक्काची. ‘लिमिटेड’ निवडलंत तर स्वस्त पडतं, पण कायद्याने ठरवलेल्या गंभीर इजांशिवाय वेदना-मनस्तापाची भरपाई कोर्टात मागता येत नाही.

‘फुल कव्हरेज घेतलंय’ हे वाक्य फसवं आहे. त्या नावाची कुठलीच पॉलिसी नसते. लोकांना म्हणायचं असतं कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची दोन कव्हर: पहिलं धडकेसाठी, दुसरं चोरी, आग, प्राणी अशा इतर कारणांसाठी. हरणाला धडकलात तर ते कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये येतं. हरीण चुकवताना झाडावर आदळलात तर कोलिजनमध्ये. (हरीण हसण्यावारी नेऊ नका, न्यू जर्सीत शरद ऋतूत ती फार आडवी येतात.) कर्जाची गाडी असेल तर बँक ही दोन्ही कव्हर मागतेच.

रूममेट रोज गाडी चालवत असेल तर त्याचं नाव पॉलिसीत घाला. फूड डिलिव्हरी करत असाल तर कंपनीला कळवा. साध्या पॉलिसीतून ते बहुतेकदा वगळलेलं असतं.

आणि तीन महिने भारतात जायचं म्हणून पॉलिसी परस्पर बंद करू नका. न्यूयॉर्कमध्ये आधी नंबरप्लेट डीएमव्हीकडे (तिथलं आरटीओ) जमा करायच्या, मग विमा थांबवायचा. क्रम उलटा झाला तर गाडीची नोंदणी निलंबित होऊ शकते, आणि ते पत्र तुम्ही पुण्यात असताना इथल्या टपालपेटीत पडून राहतं.