मेकॅनिक्स कमी पडलं: जर्मनीच्या मास्टर्ससाठी दोनदा केलेला अर्ज

जर्मनमधला मला पहिल्यांदा नीट कळलेला शब्द म्हणजे ‘लायडर’. म्हणजे ‘दुर्दैवानं’. २०२४ च्या जून-जुलैत मला तीन मेल आल्या आणि तिन्हींत पहिल्या दोन ओळींतच हा शब्द होता. पाच ठिकाणी अर्ज केले होते. तीन नकार, एक अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला टाकलेला, आणि पाचव्याचं उत्तर आलं तोवर तिकडे सेमिस्टर सुरूही झालं होतं.

मी मेकॅनिकलची. सीजीपीए दहापैकी ८.१, आयईएल्ट्स ७, चाकणला प्रेस शॉपमध्ये दोन वर्षं नोकरी. कागदावर काही वाईट दिसत नव्हतं. आणि माझ्याच वर्गातला, ७.२ वाला एक मित्र पहिल्याच फटक्यात गेला होता. दोन दिवस फुगून बसले, तिसऱ्या दिवशी त्याला फोन केला. त्यानं एकच विचारलं, ‘तू सब्जेक्ट जुळवून बघितलेस का?’ मी म्हटलं, म्हणजे काय? तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

नकाराची पत्रं मी ‘लायडर’पर्यंतच वाचली होती. त्या रात्री पूर्ण वाचली. एकात स्पष्ट लिहिलं होतं: टेक्निकल मेकॅनिक्समध्ये इतके क्रेडिट कमी, गणितात इतके कमी. माझ्या मार्कांबद्दल, अनुभवाबद्दल, माझ्या झोकदार एसओपीबद्दल (म्हणजे ‘मला हेच का शिकायचंय’ सांगणाऱ्या पत्राबद्दल) एक अक्षर नाही. तिथवर अर्ज पोचलाच नव्हता.

आपल्याकडे ‘बाहेर जायचं’ म्हटलं की डोळ्यांसमोर अमेरिका येते: जीआरई, एसओपी, तीन एलओआर म्हणजे शिफारसपत्रं, प्रोफाइल चमकवणं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत पहिली चाळणी वेगळीच असते. तिथं बसलेला माणूस विचारतो, आमच्या बॅचलरच्या मुलानं जे विषय शिकलेत ते हिनं शिकलेत का, आणि किती तास? हो असेल तर पुढचं बघू.

आता हिशेब. युरोपात क्रेडिट ईसीटीएसमध्ये मोजतात. वर्षाला ६०, आणि एक क्रेडिट म्हणजे वर्ग, घरचा अभ्यास, सबमिशन सगळं धरून २५ ते ३० तास. त्यांची तीन वर्षांची बॅचलर १८० ची. आपली चार वर्षांची बीई त्या मापानं २४० धरतात. माझ्या पदवीचे एकूण क्रेडिट १६० होते, म्हणजे माझ्या एका क्रेडिटला त्यांचं दीड. चार क्रेडिटचा माझा विषय त्यांच्या लेखी सहाचा. प्रत्येक विद्यापीठ शेवटी आपल्या पद्धतीनंच मोजतं, पण हा दीडपटीचा हिशेब लावला की आपण साधारण कुठं उभे आहोत ते दिसतं.

मला जे दिसलं ते असं. जर्मन मेकॅनिकलची मुलं टेक्निकल मेकॅनिक्सचे तीन भाग शिकतात: पहिला स्टॅटिक्स, दुसरा आपलं एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स), तिसरा डायनॅमिक्स. प्रत्येक भाग स्वतंत्र, एकेका सेमिस्टरचा. मी काय शिकले होते? फर्स्ट इयरला ‘इंजिनिअरिंग मेकॅनिक्स’, एकाच सेमिस्टरमध्ये अर्धं स्टॅटिक्स, अर्धं डायनॅमिक्स. सेकंड इयरला एसओएम. झालं. पण थर्ड इयरचं ‘थिअरी ऑफ मशीन्स’ उघडून बघा: यंत्रणेतल्या दुव्यांचा वेग, त्वरण, फ्लायव्हील, बॅलन्सिंग, कंपनं. हे सगळं डायनॅमिक्सच की! फक्त नावात तो शब्द नाही. बर्लिनमध्ये किंवा आणखी कुठं बसलेल्या माणसानं ‘टीओएम’ वाचून त्याचा अर्थ लावत बसावं, अशी माझी अपेक्षा होती. तो कशाला बसेल?

तेच गणिताचं. ‘एम-वन, एम-टू, एम-थ्री’ यातून कोणाला काय कळणार? (एम-थ्री मला दोनदा द्यावा लागला, त्यामुळे मला तरी त्यात काय आहे ते पाठ आहे.) लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, लाप्लास, व्हेक्टर कॅल्क्युलस, असं उलगडून लिहिल्याशिवाय त्या क्रेडिटना कोणी हात लावत नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी अर्जाआधी एक तक्ता केला. डाव्या रकान्यात त्या कोर्सच्या नियमावलीतला मागितलेला विषय आणि क्रेडिट. मधल्या रकान्यात माझे विषय, मूळ नावानं, सेमिस्टरसकट, आणि शेजारी अधिकृत सिलॅबसचा पान क्रमांक. उजवीकडे दीडपटीनं काढलेले क्रेडिट. काही विद्यापीठं स्वतःचा असा फॉर्म देतात, तो असेल तर तोच भरायचा. नसेल तरी मी माझा तक्ता जोडला. एकेका कोर्सला दोन-दोन संध्याकाळी गेल्या. चाकणहून बसनं येताना मोबाइलवर सिलॅबसची पीडीएफ मोठी करकरून डोळे दुखायचे. पण ज्या कामाला मी पहिल्या वर्षी शून्य वेळ दिला होता ते हेच. आणि एसओपीला दिले होते दोन महिने.

याचा आणखी एक फायदा झाला: सात कोर्स मी स्वतःच यादीतून काढले. तक्त्यात वीस-वीस क्रेडिट कमी दिसत असतील तर फी भरून नकार विकत घ्यायचा कशाला? कोर्स शोधायला डाड (डीएएडी) या जर्मन शिष्यवृत्ती-विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावरची इंग्रजी कोर्सची यादी पुरते. खरी माहिती मात्र कोर्सच्या जर्मन नियमावलीत असते. ती भाषांतरयंत्रात टाकून का होईना, वाचाच.

सिलॅबस शिक्क्यासह हवा होता. तो शिक्का मिळवणं ही वेगळी कादंबरी आहे, थोडक्यात सांगते. चारही वर्षांची मिळून २१४ पानं. कॉलेजच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, विद्यापीठात जा. विद्यापीठात खिडकीवरचे काका म्हणाले, ‘एवढ्या पानांवर शिक्के? आधी एचओडींची सही आणा.’ तिसऱ्या खेपेला त्यांनाच दया आली. शिक्का माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘मारा तुम्हीच, मी सह्या करतो.’ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिक्के मी मारलेत. नोकरी करत असाल तर याला रजेचे तीन दिवस धरून चला. ट्रान्सक्रिप्टचा अर्जही त्याच फेरीत द्या.

त्याच खिडकीवरून आणखी एक कागद मागून घ्या, जो मला पहिल्या वर्षी माहीतच नव्हता: आपल्या श्रेणीपद्धतीत पास होण्याची किमान श्रेणी किती, याचं पत्र. जर्मनीत १.० सर्वांत चांगला आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. आपला सीजीपीए त्यात बसवायला बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल श्रेणीतून आपली वजा करा, त्याला कमाल वजा किमान यानं भागा, तिनानं गुणा, एक मिळवा. माझ्या ८.१ चं बघा. किमान ४ धरली तर १.९५. किमान ५ धरली तर २.१४. मार्क तेच, मुलगी तीच. जिथं २ च्या आतबाहेर निकाल लागतो तिथं हा एक आकडा अर्ज बुडवू शकतो.

एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत हे तपासून मिळणारं, प्रमाणपत्र अर्जांच्या कितीतरी आधी काढून ठेवा. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे आणि बरीच विद्यापीठं अर्जासोबतच मागतात. मी काढलं तेव्हा फी १८,००० रुपये होती. दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट लागतात, केटीच्या (नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयांच्या) सुद्धा. लपवायच्या फंदात पडू नका.

मग युनि-असिस्ट. बर्लिनची ही संस्था दीडशेहून जास्त विद्यापीठांचे परदेशी अर्ज तपासून पुढं पाठवते. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. पैसे त्यांच्या खात्यात पोचेपर्यंत ते फाइल उघडत नाहीत, आणि तपासायला चार ते सहा आठवडे धरायचे. माझा ‘अपूर्ण’ अर्ज इथंच अडकला होता. मुदतीच्या आदल्या दिवशी बँकेतून पैसे पाठवले आणि ‘वेळेत झालं’ म्हणून घरी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. कोणाला दोष देणार?

मुदतीचंही एक आहे. विंटर सेमिस्टरची सर्वसाधारण तारीख १५ जुलै अशी सगळीकडे वाचायला मिळते. तिच्यावर विसंबू नका. पुष्कळ मास्टर्सना परदेशी विद्यार्थ्यांची मुदत ३१ मेलाच संपते, काहींची मार्चमध्ये. म्युनिकच्या टीयूएम या तंत्रविद्यापीठासाठी तर आधी युनि-असिस्टकडून व्हीपीडी नावाचं पूर्वतपासणीपत्र घ्यावं लागतं, त्याला आणखी आठवडे. शिवाय टीयूएम आता फुकट नाही: २०२४-२५ च्या विंटरपासून युरोपियन संघाबाहेरच्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो. बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहं वगैरे, २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी फक्त सेमिस्टरची वर्गणी.

कन्सल्टन्सीबद्दल विचाराल म्हणून सांगते. पहिल्या वर्षी मी पुण्यात एका ‘फ्री’ कन्सल्टन्सीत गेले होते. त्यांनी काढून दिलेल्या आठ कोर्सपैकी सहा खासगी विद्यापीठांचे निघाले. त्यांना कमिशन तिथून मिळतं, हे साधं गणित मला उशिरा कळलं. सरकारी विद्यापीठांचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, फक्त वाचायचा कंटाळा नको.

एलओआरला आमच्या सरांनी सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं: ‘लिहून आण, सही करतो.’ पहिल्या वर्षी मी लिहून नेलं, आणि स्वतःचं इतकं कौतुक केलं की सही घेताना लाज वाटली. दुसऱ्या वर्षी सरांसमोर माझ्या प्रोजेक्टचा रिपोर्ट ठेवला, त्यांनी चार मुद्दे सांगितले, मी टिपले. सरळ, कोरडं, एक पान. दोन कोर्सनी तेवढं मागितलं, बाकीच्यांनी एलओआर मागितलंच नाही.

मोटिव्हेशन लेटरची, म्हणजे त्याच एसओपीची, माझी पहिली सुरुवात होती, ‘लहानपणापासून मला यंत्रांचं वेड.’ साफ खोटं. लहानपणी मला कथ्थकचं वेड होतं. दुसऱ्या वर्षीची सुरुवात अशी: आमच्या प्रेसमधून हाय-स्ट्रेंथ पोलादाचं दाराचं पॅनेल बाहेर आलं की त्याची कड दीड मिलिमीटर वर उचलायची. सिम्युलेशनमध्ये ती निम्मीच दिसायची. डाय घासून घासून आम्ही ते जमवायचो, पण असं का होतं ते कारखान्यात कोणाला सांगता येईना. पुढचं पत्र मग त्या दीड मिलिमीटरमधूनच निघालं. कुठल्या कोर्समधला कुठला विषय मला त्यासाठी हवा, एवढंच लिहिलं.

दुसऱ्या वर्षी सहा अर्ज केले, तीन ॲडमिट आले.

घरी सांगलीला फोन केला. बाबा खूश झाले, मग लगेच व्यवहारावर आले: ‘फी नाही म्हणतीस, मग हे बारा लाख कशाला लागतात गं?’ प्रश्न रास्त होता. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावा लागतो: ११,९०४ युरो, आणि तिकडे गेल्यावर दरमहा त्यातले ९९२ आपल्यालाच मिळतात. पैसा आपलाच, फक्त आधी दाखवायचा. मी फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्ज भरत होते तेव्हा युरो नव्वदच्या आसपास होता. जुलैत पैसे पाठवायच्या वेळी तो शंभराला टेकला. घरबसल्या लाख-सव्वा लाखाचा फटका. कर्ज मंजूर करताना थोडी जास्त रक्कम धरा, नाहीतर आमच्यासारखी आत्याची एफडी मोडावी लागेल. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) लागला नाही, तेवढं बरं झालं.

व्हिसाचं फारसं सांगण्यासारखं नाही. ॲडमिट आल्याच्या दिवशीच अर्जाला लागा, एवढंच.

आता ॲडमिटच्या पत्रातली बारीक अक्षरं. मी जिथं आले त्या विद्यापीठानं तक्ता पाहिला, टीओएम अर्धं मान्य केलं, आणि उरलेल्यासाठी अट घातली. त्याला इथं ‘आउफलागं’ म्हणतात: पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये बॅचलरचा अमुक विषय पास व्हा. माझ्या वाट्याला आलं टेक्निकल मेकॅनिक्स तीन. मास्टर्स इंग्रजीत असलं तरी बॅचलरचे वर्ग जर्मनमध्ये असतात, हे मी पत्र तीनदा वाचूनही लक्षात घेतलं नव्हतं. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात केलेलं जर्मनचं ए-टू, म्हणजे दुसऱ्या पायरीचं, तिथं पहिल्या दहा मिनिटांत संपलं.

सध्या दर मंगळवारी सकाळी साडेसातला मी एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये मागच्या बाकावर बसते. फळ्यावरची समीकरणं कळतात, बोललेलं निम्मं कळतं. गेल्या आठवड्यात कोरिऑलिस चालू होतं आणि शेजारच्या मुलानं माझी वही बघून विचारलं, ‘हे तू आधी शिकलीस?’ टीओएमची थर्ड इयरची वही होती ती, सांगलीहून आणलेली. पेपर फेब्रुवारीत आहे.