जर्मन फुटबॉलपटूची कारकीर्द आकड्यांतून कशी वाचावी : मिरोस्लाव क्लोजेचे उदाहरण

क्रिकेटचे धावफलक वाचण्यात मुरलेल्या मराठी वाचकाला फुटबॉलपटूच्या कारकिर्दीचा तक्ता फारच त्रोटक वाटतो. हंगाम, क्लब, सामने आणि गोल एवढेच रकाने त्यात असतात, त्यामुळे नजर साहजिकच तळाच्या बेरजेकडे जाते. वाचन नेमके तिथून सुरू करू नये. तक्ता हंगामवार वाचावा, आणि क्लबचे आकडे व राष्ट्रीय संघाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावा. जर्मनीचा आघाडीपटू मिरोस्लाव क्लोजे याची कारकीर्द यासाठी उत्तम नमुना आहे, कारण त्याच्या या दोन रकान्यांत काही वर्षी कमालीची तफावत दिसते.

सर्वप्रथम वेळापत्रक लक्षात घ्यावे. जर्मनीतील हंगाम उन्हाळा संपताना सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत चालतो, म्हणून तो २००५-०६ असा लिहिला जातो. उन्हाळ्यात झालेल्या विश्वचषकाची तुलना करायची असेल, तर ती त्याच वर्षी संपलेल्या हंगामाशी करावी. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, १८ संघ असतात आणि प्रत्येक संघ ३४ सामने खेळतो, त्यामुळे ‘सामने’ या रकान्यातील आकडा ३४ च्या मानाने किती, हे आधी पाहावे. मात्र याच रकान्यात पूर्ण ९० मिनिटे खेळलेला सामना आणि अखेरच्या पाच मिनिटांसाठी बदली म्हणून उतरलेला सामना यांची नोंद सारखीच होते, हेही विसरू नये.

त्यानंतर सुरुवातीच्या ओळी कोणत्या स्तरावरील आहेत, हे तपासावे. क्लोजेचा जन्म १९७८ मध्ये पोलंडमधील ओपोले येथे झाला. वडील व्यावसायिक फुटबॉलपटू होते, तर आई पोलंडच्या हँडबॉल संघातून खेळलेली होती. लहानपणीच कुटुंबासह तो जर्मनीतील कूझेल येथे आला, तिथल्या ब्लाउबाख-डीडेलकोप्फ या छोट्या क्लबकडून खेळला आणि त्याच काळात त्याने सुतारकामाचे प्रशिक्षणही घेतले. १९९८ मध्ये तो होम्बुर्गला गेला, १९९९ मध्ये कायझर्सलाउटर्नच्या राखीव संघात दाखल झाला आणि २००० मध्ये बुंडेसलिगात उतरला. म्हणजे पहिल्या श्रेणीतील त्याची पहिली ओळ वयाच्या एकविसाव्या वर्षाची आहे. आजच्या तक्त्यांत अशी उशिराची सुरुवात क्वचितच आढळते. २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहिल्यावर तेथील क्लबांना युवा अकादमी चालवणे बंधनकारक झाले, आणि पुढच्या पिढीच्या पहिल्या ओळी सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत खाली आल्या. या पिढीच्या तक्त्यांत ‘लोन’ (तात्पुरते दुसऱ्या क्लबकडून खेळणे) अशी खूण असलेल्या ओळी वगळू नयेत. बायर्न म्युनिकने टोनी क्रोसला काही काळ लेव्हरकुसेनकडे खेळायला पाठवले होते, आणि तो नियमित खेळाडू म्हणून तिथेच घडला.

आता मुख्य आकडे पाहू. बुंडेसलिगात क्लोजेचे ३०७ सामन्यांत १२१ गोल आहेत, म्हणजे साधारण अडीच सामन्यांमागे एक. ही सरासरी फारशी उपयोगाची नाही. क्लबनिहाय फोड केली, की कायझर्सलाउटर्नकडून १२० सामन्यांत ४४, वेर्डर ब्रेमेनकडून ८९ सामन्यांत ५३ आणि बायर्नकडून ९८ सामन्यांत २४ गोल, असे तीन वेगवेगळे खेळाडू समोर उभे राहतात. ब्रेमेनमधील २००५-०६ च्या हंगामात त्याने २६ सामन्यांत २५ गोल करून लीगमधील गोलांत पहिला क्रमांक मिळवला आणि त्याच उन्हाळ्यात मायदेशी झालेल्या विश्वचषकात पाच गोलांसह सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ पुरस्कारही पटकावला. इथे दोन्ही रकाने एकमेकांना दुजोरा देतात. खरी परीक्षा २००९-१० च्या ओळीत आहे. त्या हंगामात बायर्नकडून २५ लीग सामन्यांत त्याचे गोल केवळ तीन. निव्वळ ही ओळ वाचणाऱ्याने बत्तीस वर्षांच्या या आघाडीपटूला संघातून वगळले असते. पण प्रशिक्षक लुई व्हान गाल यांच्या संघात तो बराच काळ बाकावर होता, आणि ही गोष्ट सामन्यांच्या आकड्यातून कळत नाही, मिनिटांच्या आकड्यातून कळते. राष्ट्रीय प्रशिक्षक योआखिम ल्योव यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि दक्षिण आफ्रिकेतील २०१० च्या विश्वचषकात सर्बियाविरुद्ध लाल कार्ड मिळूनही त्याने पाच सामन्यांत चार गोल केले. त्यांपैकी दोन अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यातील होते. म्हणून क्लबचा हंगाम दुबळा दिसला, तर मिनिटे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

विश्वचषकातील १६ गोल हा आकडाही प्रतिस्पर्ध्यांनुसार सुटा करून पाहावा. २००२ मध्ये पाच, २००६ मध्ये पाच, २०१० मध्ये चार आणि २०१४ मध्ये दोन अशी त्याची विभागणी आहे. २००२ चे पाचही गोल हेडरचे, म्हणजे डोक्याने मारलेले होते, परंतु त्यांपैकी तीन सौदी अरेबियाविरुद्धच्या ८-० अशा एकतर्फी विजयातील होते आणि बाद फेरीत त्याला एकही गोल करता आला नाही. याउलट २०१४ चे गोल दोनच असले, तरी एक घानाविरुद्ध बदली म्हणून उतरल्यावर लगेच बरोबरी साधून देणारा होता आणि दुसरा ब्राझीलविरुद्धच्या ७-१ अशा उपांत्य सामन्यातला होता, ज्याने ब्राझीलच्याच रोनाल्डोचा १५ गोलांचा विक्रम मोडला. माझ्या मते घानाविरुद्धचा गोल सौदी अरेबियाविरुद्धच्या तिन्हींपेक्षा मोलाचा आहे.

दोन खेळाडूंची तुलना करताना अधिक सावध राहावे. जर्मनीकडून क्लोजेचे १३७ सामन्यांत ७१ गोल आहेत, तर जर्मनीच्याच आधीच्या पिढीतील आघाडीपटू गेर्ड म्युलरचे अवघ्या ६२ सामन्यांत ६८. वेगाच्या कसोटीवर म्युलर कितीतरी पुढे आहे, यात वाद नाही. क्लोजेचा आकडा सातत्याचा आहे. चार विश्वचषकांत गोल करणे आणि आपण गोल केलेला एकही सामना जर्मनीने न हरणे, ही त्याची खरी मिळकत होय.

निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे आढळले, तर गोंधळून जाऊ नये. लाझिओ या इटालियन क्लबकडून क्लोजेचे गोल कुठे ५४ दिसतील, कुठे ६३. पहिला आकडा केवळ इटालियन लीगचा आहे, तर दुसऱ्यात चषक आणि युरोपीय स्पर्धाही धरलेल्या आहेत. दोन खेळाडूंसाठी दोन निकष वापरले, की तुलनेचा पायाच ढासळतो.

काही गोष्टी तक्त्यात येतच नाहीत, त्या सामन्याच्या वृत्तांतातून शोधाव्या लागतात. २०१२ मध्ये नापोलीविरुद्ध पंचांनी दिलेला गोल आपल्या हाताला लागून झाल्याचे क्लोजेने स्वतः सांगितले आणि तो रद्द झाला. लाझिओने तो सामना गमावला. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या नावापुढे शून्य आहे. ८८ व्या मिनिटाला तो बाहेर आला आणि त्याच्या जागी उतरलेल्या मारिओ ग्योट्झेने जादा वेळेत विजयी गोल केला.

आघाडीपटू सोडून इतरांसाठी ही पद्धत थोडी बदलावी लागते. फिलिप लामचे जर्मनीकडून ११३ सामन्यांत पाच गोल आहेत आणि बचावपटूच्या बाबतीत त्यावरून काहीच ठरत नाही. तिथे गोलांचा रकाना झाकून सामन्यांची आणि मिनिटांची सलगता पाहावी, आणि खेळण्याची जागा कधी बदलली याची नोंद त्याशेजारी लिहावी. लामच्या बाबतीत डावी बाजू, उजवी बाजू आणि पेप ग्वार्डिओला बायर्नचे प्रशिक्षक झाल्यानंतर मधली फळी, अशा तीन नोंदी कराव्या लागतील.